विज्ञानाच्या तासाला परांची कशी बांधावी आणि कधी सोडावी: नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शन

घराच्या भिंतीला बाहेरून गिलावा करायचा असला की गवंडी आधी बांबूंची परांची बांधतो. उंचीवर हात पोचावा एवढ्यासाठीच ती असते. भिंतीचा भार ती घेत नाही, आणि काम संपले की दोर सोडून तेच बांबू पुढच्या घराकडे जातात. १९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांची मुले लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत असताना शिकवणारी व्यक्ती नेमकी कोणती मदत करते याचा बारकाईने अभ्यास केला आणि त्या मदतीला परांचीचेच नाव दिले. जे मुलाला अजून जमत नाही तेवढे शिकवणाऱ्याने सांभाळायचे, जे जमते ते त्याच्यावर सोडायचे. मूल अडले की मदत थोडी वाढवायची आणि जमू लागले की लगेच कमी करायची, अशी ही पद्धत त्यांच्या त्या आणि पुढच्या कामातून स्पष्ट होत गेली. अध्यापक विद्यालयात आपण रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांच्याविषयी जे वाचले, म्हणजे मुलाला आज एकट्याने जे जमते आणि कोणाच्या तरी सोबतीने जे जमते त्यांच्यामधल्या पट्ट्यातच खरे शिकणे घडते, त्या विचाराशी ही पद्धत जुळते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना अनेक वर्षे विज्ञान शिकवत आले आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार उच्च प्राथमिक वर्गात साधारण पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, असे प्रमाण आहे. त्या पस्तिसांत पाठ्यपुस्तक घडाघडा वाचणारी मुले असतात, जोडाक्षरापाशी अजून थबकणारी असतात, घरी पावरी, कोरकू, वारली किंवा गोरमाटी बोलणारी असतात आणि आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन चार-पाच महिन्यांनी परतलेलीही असतात. अशा वर्गात नवा शिक्षक बहुधा दोनपैकी एक मार्ग धरतो. एक तर तो मधल्या दहा-बारा मुलांकडे पाहून शिकवतो, नाहीतर ‘कच्च्या’ मुलांना वेगळे, सोपे काम देतो: तू फक्त आकृती काढ, तू फक्त व्याख्या उतरवून घे. दुसरा मार्ग मायेपोटी धरलेला असतो, पण त्याने त्या मुलाच्या वाट्याचे विज्ञानच काढून घेतले जाते. या लेखात मी ज्याचा आग्रह धरणार आहे ते एवढेच आहे की प्रश्न सर्वांसाठी एकच आणि खराखुरा ठेवावा. कमी-जास्त करायची ती त्या प्रश्नापर्यंत पोचण्यासाठीची मदत.

सगळे विवेचन मोघम होऊ नये म्हणून एकच पाठ हाती धरू: ‘पाण्याचे बाष्पीभवन कशामुळे लवकर होते?’ सहावीच्या वर्गासमोर, चार ते पाच तासिकांत हा पाठ घ्यायचा आहे, असे समजू.

आधी मुक्काम ठरवावा

टाचण काढण्याआधी कोऱ्या कागदावर एक वाक्य पूर्ण करावे: ‘हा पाठ संपल्यावर माझ्या वर्गातले प्रत्येक मूल, माझ्या मदतीशिवाय, … करू शकेल.’ रिकाम्या जागी ‘बाष्पीभवन समजेल’ असे लिहू नये, कारण समजले की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. आपल्या पाठासाठी ते वाक्य असे होईल: प्रत्येक मूल बाष्पीभवनावर परिणाम करणारी एक गोष्ट निवडून तिच्यासाठी रास्त तुलना (फक्त तीच गोष्ट बदलून बाकी सारे सारखे ठेवलेली तुलना) आखू शकेल, मोजमाप नोंदवू शकेल आणि नोंदींच्या आधारे कारणासह निष्कर्ष लिहू शकेल.

आता त्याच कागदावर, हे काम करताना मूल कोठे कोठे अडेल ते लिहावे आणि त्या यादीचे दोन भाग करावेत. काही अडचणी म्हणजेच शिकण्याचा गाभा असतो. एका वेळी एकच गोष्ट का बदलायची, हे कळणे कठीण आहे, पण तीच तर शिकायची गोष्ट आहे. बाकीच्या अडचणी नुसत्या वाटेत पडलेल्या असतात. तक्त्याच्या रेघा मारण्यातच पंधरा मिनिटे जाणे, ‘पृष्ठफळ’ हा शब्द वाचता न येणे, मोजपात्रावरच्या बारीक रेघा न दिसणे यांचा बाष्पीभवनाच्या समजेशी संबंध नाही. दुसऱ्या प्रकारच्या अडचणी मोकळ्या मनाने आणि भरपूर मदत देऊन दूर कराव्यात. पहिल्या प्रकारच्या अडचणीपाशी मात्र हात आवरावा आणि मुलाला विचार करायला लावील इतपतच मदत द्यावी. नव्या शिक्षकांकडून नेमके उलटे होते. आपण निष्कर्ष फळ्यावर लिहून देतो आणि तक्त्याच्या रेघा मात्र मुलांना मारायला लावतो.

मुले आज कोठे उभी आहेत ते पाहावे

पहिल्या तासिकेची पहिली दहा मिनिटे यासाठी द्यावीत. वर्गाच्या फरशीवर ओल्या फडक्याने एक पट्टा ओढावा, तो नाहीसा होईपर्यंत सर्वांनी पाहावा आणि मग ‘पाणी कोठे गेले?’ एवढेच विचारावे. ज्यांना लिहायला आवडत नाही त्यांनी चित्र काढावे. ‘जमिनीत मुरले’ हे उत्तर हमखास येते. ‘संपले’ हेही येते. ‘सूर्याने ओढून घेतले’ हे उत्तर इतके ठाम असते की वर्गात ऊन पडलेले नाही, याचाही त्या मुलाला विसर पडतो. कोणत्याही उत्तराला चूक किंवा बरोबर न म्हणता ती सगळी फळ्याच्या कडेला लिहून ठेवावीत, कारण पुढच्या प्रयोगांची दिशा त्यांतूनच ठरते. ‘मुरले’ म्हणणाऱ्यांसाठी स्टीलच्या ताटलीत तोच पट्टा ओढून दाखवावा. स्टीलमध्ये पाणी मुरत नाही, हे त्यांना सांगावे लागत नाही. ‘सूर्याने ओढले’ म्हणणाऱ्यांना रात्री घरात दोरीवर टाकलेला टॉवेल सकाळपर्यंत कसा सुकतो, हे विचारावे.

याच वेळी मुलांच्या घरचे ज्ञान वर्गात आणावे. उन्हाळ्यात कुरडया आणि पापड पसरूनच का वाळत घालतात, ढीग करून का ठेवत नाहीत, असे विचारले की एरवी गप्प बसणारी मुलगीही बोलते, कारण ते वाळवण तिने स्वतः राखलेले असते. कोकण किनाऱ्यावरच्या शाळेत मिठागरांचे उथळ वाफे डोळ्यांसमोर असतात, तर दुष्काळी भागात शेततळ्यातले पाणी उन्हाळ्यात कसे उतरते, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. अशा अनुभवांना ‘उदाहरणे’ म्हणून पाठाच्या शेवटी जोडण्यापेक्षा सुरुवातीलाच जागा द्यावी.

शब्दांचा आधार

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या अनुभवात विज्ञानात मागे पडणाऱ्या मुलांपैकी पुष्कळ मुले विज्ञानात नव्हे, तर पुस्तकी भाषेत अडकलेली असतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांमध्ये विज्ञानशिक्षणाचे काम केले, आणि पाठ्यपुस्तकांची भाषा हाच वंचित मुलांसमोरचा मोठा अडसर आहे, याकडे त्या केंद्राचे संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी लक्ष वेधले. इतक्या वर्षांनंतरही तो अडसर पूर्ण हटलेला नाही.

मराठीत या एकाच घटनेला किती क्रियापदे आहेत ते पाहावे. कपडे वाळतात, सारवण सुकते, तळे आटते, दूध आपण आटवतो, अत्तर उडून जाते. मुलाच्या मनात ही पाच वेगवेगळी कामे असतात. त्या सर्वांत पाण्याचे किंवा दुसऱ्या द्रवाचे कण हवेत जात आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्यात ‘आटणे’ या शब्दाने आणखी एक घोटाळा होतो. ‘विहीर आटली’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा भूजलाची पातळी खाली गेलेली असते. ते सगळे पाणी हवेत गेलेले नसते. म्हणून पहिल्या तासिकेत ‘बाष्पीभवन’ हा शब्द फळ्यावर लिहूच नये. आधी मुलांकडून ही सर्व क्रियापदे, आणि घरच्या बोलीतले शब्दही, गोळा करावेत आणि मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावावेत. मुलाच्या बोलीतला शब्द आपल्याला येत नसेल तर त्यालाच विचारावा, त्याच्याकडूनच नीट उच्चारून घ्यावा आणि देवनागरीत जसा ऐकू येईल तसा लिहावा. प्रयोग होऊन गेल्यावर त्या सर्व शब्दांभोवती एक मोठे वर्तुळ काढून वर ‘बाष्पीभवन’ लिहावे. असे केले की तो शब्द ओळखीच्या पाच गोष्टींचे एक नाव होऊन येतो, आणि पाठ करावी लागणारी व्याख्या राहत नाही.

दुसरा आधार वाक्यांच्या सुरुवातीचा असतो. निष्कर्ष लिहिताना मुलांना शब्द सुचतात, पण ते जोडायचे कसे हे सुचत नाही. ‘जसजसे … वाढते, तसतसे …’, ‘… पेक्षा … जास्त, यावरून असे दिसते की …’, ‘आम्हांला असे वाटले होते की …, पण …’ अशा चार-पाच सुरुवाती जाड कागदाच्या पट्ट्यांवर लिहून टेबलावर ठेवाव्यात. ‘कारण’ आणि ‘म्हणून’ यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. ‘पाणी लवकर वाळले म्हणून ताटली पसरट होती’ असे वाक्य वहीत आले की आपण लाल शाईने व्याकरण दुरुस्त करतो, पण तेथे अडलेली गोष्ट व्याकरणाची नसून कार्यकारणाची असते. अशा वेळी मुलाला दोन कोऱ्या चिठ्ठ्या द्याव्यात, एकीवर त्याने ‘ताटली पसरट होती’ आणि दुसरीवर ‘पाणी लवकर वाळले’ असे लिहावे, आणि आधी काय होते व मग काय झाले या क्रमाने त्या बाकावर मांडाव्यात. मध्ये ‘म्हणून’ ची चिठ्ठी ठेवली की वाक्य बरोबर होते. मग चिठ्ठ्यांची अदलाबदल करून मधली चिठ्ठी ‘कारण’ ची केली की दुसरेही बरोबर वाक्य मिळते. दोन मिनिटांचे हे काम पुढच्या कित्येक निष्कर्षांना पुरते.

प्रयोगाची आखणी

दुसऱ्या तासिकेत चार-पाच जणांचे गट करावेत. साहित्य साधे असावे: एक स्टीलची ताटली, एक पेला, एक अरुंद तोंडाची बाटली आणि एक मोजपात्र, मोजपात्र नसेल तर औषधाच्या दुकानातून आणलेली सुई नसलेली नवी मोठी सिरिंज चालते. प्रत्येक भांड्यात १०० मिलिलीटर पाणी घेऊन ती तिन्ही वर्गातच एका जागी, सकाळच्या परिपाठापासून दुपारच्या शेवटच्या तासिकेपर्यंत उघडी ठेवायची असतात. ताटलीत यापेक्षा फार कमी पाणी घेऊ नये, कारण मग ते सगळीकडे न पसरता गोळा होऊन राहते. पाणी परत मोजताना ताटलीला चिकटून राहणारे थेंब मोजपात्रात येत नाहीत, हे कोणत्या ना कोणत्या गटाच्या लक्षात येतेच. लक्षात आले नाही तर आपण लक्षात आणून द्यावे. ते थेंब मोजायचे राहिले तर वाफ झालेले पाणी खऱ्यापेक्षा जास्त दिसेल की कमी, हा प्रश्न सहावीच्या मुलांच्या अगदी आवाक्यातला आहे.

आखणीसाठी सर्वांत उपयोगी ठरलेली वस्तू म्हणजे तीन रकान्यांचा एक कागद: ‘आम्ही काय बदलणार’, ‘आम्ही काय मोजणार’, ‘आम्ही काय सारखे ठेवणार’. याचे तीन नमुने आधीच तयार ठेवावेत. पहिल्या नमुन्यात पाण्याचे प्रमाण, भांड्याची जागा, वेळ, भांड्याचा आकार, उरलेले पाणी अशा कापलेल्या चिठ्ठ्या मिळतात आणि गटाने त्या योग्य रकान्यात मांडायच्या असतात. दुसऱ्यात फक्त रकाने असतात. तिसरा कागद कोरा असतो आणि त्यावर ‘तुमची तुलना रास्त आहे हे दुसऱ्या गटाला पटवून द्या’ एवढेच वाक्य लिहिलेले असते. तिन्ही नमुने वापरणारे गट एकच प्रयोग करतात, एकाच प्रश्नाचे उत्तर शोधतात आणि शेवटी एकाच फळ्यावर आपले आकडे लिहितात. चिठ्ठ्या वापरणाऱ्या गटालाही कोणती चिठ्ठी कोठे जाते यावर वाद घालावाच लागतो. ‘भांड्याचा आकार’ ही चिठ्ठी ‘सारखे ठेवणार’ या रकान्यात ठेवून बसलेला गट पाहिला की चिठ्ठी उचलून हलवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. ‘मग तुम्ही बदलणार काय?’ असे विचारून पुढच्या गटाकडे जावे. आपण परत येईपर्यंत ती चिठ्ठी बहुधा हललेली असते.

नोंदींच्या तक्त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. पहिल्या वेळी छापील तक्ता द्यावा, दुसऱ्या वेळी मथळे देऊन रेघा त्यांच्याकडून मारून घ्याव्यात आणि तिसऱ्या वेळी काहीच देऊ नये. वजाबाकी ज्यांना अवघड जाते त्यांना ती कागदाच्या कडेला, हातचे मांडून करू द्यावी. विज्ञानाच्या तासाला गणिताची परीक्षा घेऊ नये.

पुराव्यापासून कारणापर्यंत

समजा, एका गटाला ताटलीत ७४, पेल्यात ९७ आणि बाटलीत ९९ मिलिलीटर पाणी उरलेले मिळाले. येथून निष्कर्षापर्यंतचा प्रवास तीन प्रश्नांत विभागून घ्यावा. तुमचे म्हणणे काय? ते कोणत्या आकड्यांवरून? आणि असे का होत असावे? पहिल्या दोन प्रश्नांपर्यंत जवळजवळ सगळी मुले थोड्या मदतीने पोचतात. ‘ताटलीतले पाणी सर्वांत जास्त कमी झाले’ एवढेच लिहून थांबलेल्या मुलाला ‘किती कमी झाले?’ असे विचारले की ‘२६ मिलिलीटर’ हा पुरावा वाक्यात येतो.

तिसरा प्रश्न वेगळा आहे. पाणी कणांचे बनलेले असते आणि पृष्ठभागाजवळचे पुरेसे वेगवान कणच हवेत निसटतात, हे मूल ताटलीकडे कितीही वेळ पाहत बसले तरी त्याला आपोआप सुचणार नाही. ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल अनुभवातून आपले ज्ञान स्वतः रचते हा विचार, याचा अर्थ शिक्षकाने काहीच सांगायचे नाही, असा समज अनेक नव्या सहकाऱ्यांच्या मनात असतो आणि त्यामुळे ते या जागी उगाच ताटकळत राहतात. ही कल्पना आपणच, सरळ आणि स्पष्ट शब्दांत सांगावी. मग तिला शरीराचा आधार द्यावा. चोवीस मुलांना पटांगणात आठ-आठ जणांच्या तीन रांगांत उभे करावे, आणि शिट्टी वाजली की फक्त पुढच्या रांगेतल्यांनीच बाहेर पळायचे, असा नियम सांगावा. एका शिट्टीत आठ जण निसटतात. नंतर त्याच चोवीस जणांना तिघा-तिघांच्या आठ रांगांत उभे करून शिट्टी वाजवावी; आता तिघेच निसटतात. मुले तेवढीच असूनही फरक पडला तो पुढच्या रांगेच्या लांबीमुळे, हे सांगण्याची गरज सहसा पडत नाही. हा खेळ कोठे अपुरा पडतो तेही मुलांना सांगावे: खऱ्या पाण्यात कण शिट्टीची वाट पाहत नाहीत, सतत हालचाल करत असतात आणि त्यांतले काही हवेतून परतही येतात. प्रतिकृती म्हणजे खरी वस्तू नव्हे, हे सहावीतच कळलेले बरे.

तोंडी मदत

प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबतो याचे मोजमाप अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या सुमारास विज्ञानाच्या तासांना केले, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे आढळले. ते तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले की मुलांची उत्तरे लांब व कारणांसहित येऊ लागली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. प्रश्न विचारून झाल्यावर मनात पाच अंक मोजावेत. पहिले काही दिवस ती शांतता असह्य वाटते, पण पुढे सवय होते.

मूल अडले तर मदत पायऱ्यांनी वाढवावी. प्रथम त्याचेच वाक्य त्याला परत म्हणून दाखवावे. तेवढ्याने भागले नाही तर कोठे पाहायचे ते दाखवावे: ‘या दोन आकड्यांकडे बघ.’ तेही पुरले नाही तर दोन पर्याय द्यावेत, आणि अगदी शेवटी स्वतः एक उदाहरण करून दाखवून लगेच दुसरे त्याच्याकडून करून घ्यावे. उत्तर सांगून पुढे जाणे ही यातली कोणतीच पायरी नाही. वेळ अपुरा असतो हे मला मान्य आहे. तरीही एका तासिकेत सर्वांशी नाही तर निदान तीन मुलांशी असे पूर्ण बोलावे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तिघांशी बोलावे.

आधार सर्वांसाठी खुला ठेवावा

वाक्यपट्ट्या, शब्दांचा तक्ता, चिठ्ठ्यांचा नमुना या वस्तू ‘कच्च्या’ मुलांच्या हातात नेऊन देऊ नयेत. खिडकीजवळच्या टेबलावर त्या मांडाव्यात आणि ज्याला हव्या त्याने घ्याव्यात. पहिल्या आठवड्यात हुशार समजली जाणारी मुलेही त्या उचलतात आणि त्यामुळे त्या घेण्यातला कमीपणा जातो. जे मूल गरज असूनही उठत नाही, त्याच्या गटापाशी एक संच गाजावाजा न करता ठेवून यावा.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत मात्र वाट न पाहता आधीच तयारी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्वसमावेशक शिक्षण हा त्यांचा हक्क मानला आहे आणि विज्ञानाचा प्रयोग त्यातून वगळलेला नाही. कमी दिसणाऱ्या मुलीसाठी सिरिंजच्या दट्ट्यावर ठरावीक मापाशी धारदार पातीने खाच पाडून ठेवली तर ती बोटाने चाचपून पाणी स्वतः मोजू शकते. ऐकू कमी येणाऱ्या मुलासमोर फळ्याकडे तोंड करून बोलू नये आणि कृतीच्या पायऱ्या चित्रांनी दाखवाव्यात. लेखन-अक्षमता असलेल्या मुलाचा निष्कर्ष तोंडी ऐकून, त्याच्याच शब्दांत, त्याच्या वहीत आपण किंवा गटातल्या सोबत्याने लिहावा. त्याला ‘तू साहित्य सांभाळ’ असे सांगून बाजूला बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आधार काढण्याचे वेळापत्रक

एका वर्षी मी मोठ्या उत्साहाने प्रत्येक प्रयोगासाठी छापील निरीक्षणपत्रके तयार केली. त्यांत कृती लिहिलेली होती, तक्ता आखलेला होता, आणि निष्कर्षात फक्त दोन रिकाम्या जागा भरायच्या होत्या. मुले ती भराभर भरत, वह्या देखण्या दिसत आणि मी समाधानी होते. वर्षाच्या शेवटी मी त्यांना कोरा कागद देऊन ‘ओली माती सावलीत आणि वाऱ्यात सारख्याच वेळात सुकते का, हे तुम्ही कसे तपासाल?’ असे विचारले. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी कागदावर नाव, इयत्ता आणि तारीख लिहिली आणि पुढे काही लिहिले नाही. एका मुलीने हात वर करून विचारले, “बाई, रिकाम्या जागा कुठे आहेत?” चूक तिची नव्हती. परांची मी बांधली होती, पण ती सोडायची वेळ मी कधी ठरवलीच नव्हती.

म्हणून आता आधार तयार करतानाच, तो कधी काढायचा हे मी टाचणात लिहिते. भांड्याचा आकार बदलण्याचा पहिला प्रयोग पूर्ण आधाराने होतो. पुढच्या आठवड्यात वाऱ्याचा प्रयोग येतो: सारखेच भिजवलेले दोन रुमाल, एक पंख्याखाली आणि एक त्याच खोलीत वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात. तेथे चिठ्ठ्या नसतात, रकाने असतात. त्यानंतर उष्णतेचा प्रयोग कोऱ्या कागदावर होतो. एका वेळी एकच आधार काढावा. तक्ता, वाक्यपट्ट्या आणि रकाने एकदम नाहीसे झाले तर नेमके कशामुळे अडले हे कळत नाही. तारीख आली म्हणून मात्र कोणाचाही आधार ओढून घेऊ नये. काढण्याजोगी वेळ आली की ती दिसते: मूल पट्टीकडे न पाहता ‘जसजसे’ लिहून जाते, दुसऱ्या गटाला ‘तुम्ही दोन गोष्टी बदलल्यात’ असे सांगते किंवा तुमचा छापील तक्ता बाजूला सारून स्वतःचा चौथा रकाना जोडते. उलट मूल उत्तर लिहिण्याआधी तुमच्या चेहऱ्याकडे पाहत असेल तर कागदावरचा आधार गेला, पण तुमचाच आधार राहिला, असे समजावे आणि त्या वेळी जरा लांब जाऊन उभे राहावे.

काढलेला आधार परत द्यावा लागला तर त्यात वाईट वाटून घेऊ नये. प्रयोगात तरबेज झालेली मुले चुंबकत्वाचा किंवा विद्युत परिपथाचा नवा पाठ आला की पुन्हा शब्दांपाशी अडतात. त्यांना शब्दांचा तक्ता पुन्हा द्यावा, तीन रकाने देऊ नयेत, कारण ते त्यांना आता येतात.

परीक्षेचा भाग यातून वेगळा ठेवू नये. घटक चाचणीत एक तरी प्रश्न असा असावा, जो वर्गात केलेला नाही पण त्याच विचाराने सुटतो: आंघोळीनंतर ओल्या पावलांचे ठसे शहाबादी फरशीवर जास्त वेळ टिकतात की सिमेंटच्या ओट्यावर, हे कसे तपासाल? उत्तर तपासताना शुद्धलेखन बाजूला ठेवून, काय बदलले, काय मोजले, काय सारखे ठेवले आणि म्हणण्याला पुरावा कोणता दिला, या चार जागीच गुण द्यावेत. फरशी पाणी फारसे शोषत नाही पण ओटा शोषतो, मग ही तुलना नुसत्या बाष्पीभवनाची राहते का, अशी शंका एखाद्या मुलाने लिहिली तर त्या उत्तराला पूर्ण गुण देऊन दुसऱ्या दिवशी ते वर्गात वाचून दाखवावे.

चिठ्ठ्या, पट्ट्या आणि तिन्ही नमुने वापरून झाले की फेकू नयेत. पाठाचे नाव लिहिलेल्या एका पुठ्ठ्याच्या डब्यात भरून ते कपाटाच्या खालच्या कप्प्यात, मुलांचा हात पोचेल असे ठेवावेत. मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्यांचा हंगाम संपून ऊसतोडीला गेलेली मुले परत येतात, तेव्हा बाकीचा वर्ग कोरा कागद वापरत असतो आणि त्यांना पहिल्या नमुन्यापासून सुरुवात करायची असते. तो डबा उघडून त्यांच्या शेजारी कोणाला बसवायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. शक्यतो ज्याने स्वतः जूनमध्ये त्याच चिठ्ठ्या वापरल्या होत्या, त्यालाच बसवावे.